डॉ. वसंत रामजी खानोलकर

कल्याण, डोंबिवली, ठाणे या गावांहून मध्य रेल्वेने मुंबईकडे निघालेल्या प्रवाशाला दादर मागे पडताच परळ हे स्थानक लागते. एके काळी हा सारा परिसर कापडगिरण्यांचा होता. उंच धुराडी, पहाटेचे भोंगे आणि पाळीवर निघालेल्या कामगारांची लगबग हेच तेथील नित्याचे दृश्य असे. त्या गिरण्या आता बंद पडल्या आहेत. परंतु त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या तीन संस्था आजही माणसांनी गजबजलेल्या असतात. प्लेगच्या लशीमुळे जगप्रसिद्ध झालेली हाफकिन संस्था ही त्यांपैकी पहिली; सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय ही दुसरी. आणि टाटा स्मारक रुग्णालय ही तिसरी. यांपैकी शेवटच्या दोन संस्थांच्या प्रयोगशाळांत ज्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची ही जीवनकथा आहे.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. खानोली हे गाव वेंगुर्ले तालुक्यातले. त्यावरून हे आडनाव पडले. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केली. त्या काळी विलायतेहून एवढी मोठी पदवी घेऊन येणाऱ्या डॉक्टरापुढे सुखाचा मार्ग मोकळा असे. मुंबईत दवाखाना थाटावा, श्रीमंत रोग्यांना औषधे द्यावीत आणि पैसा व नाव दोन्ही मिळवावीत, असेच बहुतेक जण करीत. खानोलकरांनी मात्र अध्यापन व संशोधन यांचा मार्ग पत्करला. त्या मार्गावर पैसा बेताचा आणि कष्ट उदंड होते.

विकृतिशास्त्र म्हणजे काय, हे येथे थोडे समजून घेतले पाहिजे. रोगी ज्याच्याकडे जातो तो वैद्य रोग्याची नाडी पाहतो, छाती तपासतो, औषध देतो. विकृतिशास्त्रज्ञ बहुधा रोग्याला पाहतही नाही. रोग्याच्या शरीरातून काढलेला, कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढाच, मांसाचा तुकडा त्याच्या हाती येतो. तो तुकडा फॉर्मॅलिन नावाच्या द्रवात टिकवून ठेवतात, मग मेणात बसवितात आणि एका विशेष यंत्राच्या धारदार पात्याने त्याचे इतके पातळ काप काढतात, की तसे शंभरावर काप एकावर एक रचले तरी त्यांची जाडी एका मिलिमीटरहून फारशी अधिक भरू नये. हे काप काचपट्टीवर घेऊन रंगवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. साध्या डोळ्यांना जेथे नुसता डाग दिसतो तेथे आता पेशींची एक वस्ती दिसू लागते. तीत कोणत्या पेशी शहाण्यासारख्या आपल्या जागी राहिल्या आहेत, कोणत्या बेबंद वाढल्या आहेत, कोठे जंतू शिरले आहेत, हे ओळखणे हे विकृतिशास्त्रज्ञाचे काम. तो जे सांगेल त्यावर शस्त्रक्रिया करावयाची की नाही हे ठरते. म्हणूनच येथे घाई चालत नाही आणि तर्काने वेळ मारून नेणे तर मुळीच चालत नाही.

स्वदेशी परतल्यावर खानोलकरांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. या दुसऱ्या महाविद्यालयाची जन्मकथा मोठी तेजस्वी आहे. इंग्रजी अमदानीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरच्या जागा बहुधा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. हिंदी डॉक्टर कितीही विद्वान असला तरी त्याला दुय्यम जागेवर समाधान मानावे लागे. सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महाविद्यालयासाठी देणगी दिली ती मुळी या अटीवर, की तेथील अध्यापकवर्ग लायक हिंदी डॉक्टरांचाच असावा. हिंदी माणसांना हे काम पेलेल की नाही, अशी शंका घेणारे लोक त्या वेळी पुष्कळ होते. त्या शंकेला शब्दांनी उत्तर देऊन भागणार नव्हते. उत्तर द्यावयाचे ते वर्गात, रुग्णालयात आणि प्रयोगशाळेत. खानोलकरांसारख्या प्राध्यापकांनी ते तेथेच दिले.

१९४१ च्या फेब्रुवारी महिन्यात परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या होत्या. त्यांच्यामागून दोराबजीही पुढच्याच वर्षी गेले. या रोगावर हिंदुस्थानात उपचार व्हावेत ही त्यांची तळमळ होती, आणि त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून हे रुग्णालय उभे राहिले. तेथील प्रयोगशाळांचे संचालक म्हणून खानोलकरांची योजना झाली. त्यांचे वय तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते.

कर्करोग हा श्रीमंत पाश्चात्य देशांचा रोग आहे, हिंदुस्थानात तो क्वचितच आढळतो, असा एक समज त्या काळी पसरलेला होता. समज कसा होतो पाहा. खेड्यातला माणूस गालातल्या जखमेने झिजून झिजून मरे. त्याला कोणी शहरात नेत नसे, नेले तरी कोणी तपासत नसे आणि तपासले तरी कोठे नोंद होत नसे. नोंद नाही म्हणून रोग नाही, असे हे तर्कशास्त्र होते! खानोलकरांनी नोंदी करण्यास आरंभ केला. १९४४ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, अमेरिकेतील ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात त्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रोग्यांचा त्यात आढावा होता.

‘ओळीने आलेल्या’ या शब्दांत या निबंधाचे सारे बळ साठविलेले आहे. संशोधकाने आपल्या मताला सोयीचे तेवढे रोगी वेचून घेतले तर त्याला हवे ते सिद्ध करता येईल. ओळीने येणारा प्रत्येक रोगी मोजावयाचा, एकही गाळावयाचा नाही, असे ठरविले की मग आकडे जे सांगतील ते निमूटपणे ऐकावे लागते. या हजार रोग्यांच्या नोंदींनी, कर्करोग हिंदुस्थानात दुर्मिळ आहे हा समज पुसून टाकण्यास मोठीच मदत केली. तोंडात, जिभेवर, गालाच्या आतल्या बाजूस होणारा हा रोग युरोपच्या मानाने मुंबईत फार अधिक होता. पानतंबाखूच्या सवयीकडे या निबंधाने बोट दाखविले. त्या काळी पानाचा डबा घरोघरी असे आणि पाहुण्याला पानतंबाखू पुढे करणे हा शिष्टाचार होता; तेव्हा ही गोष्ट पचनी पडणे सोपे नव्हते. तंबाखू चघळण्याने मुखाचा कर्करोग होतो, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८५ साली शिक्कामोर्तब केले. दोहोंमध्ये एकेचाळीस वर्षे गेली.

शोधनिबंध हा शब्द वर आला. शास्त्रज्ञाने काय पाहिले, कसे पाहिले, किती वेळा पाहिले आणि त्यावरून कोणता निष्कर्ष काढला, हे जगातील इतर शास्त्रज्ञांना कळावे म्हणून लिहिलेला लेख म्हणजे शोधनिबंध. तो छापला गेला की त्यावर लेखकाची एकट्याची मालकी उरत नाही. दूरदेशीचा कोणीही अभ्यासक तोच प्रयोग करून पाहू शकतो आणि लेखकाचे म्हणणे खरे की खोटे ते ठरवू शकतो. आपली चूक परक्याने दाखवावी अशी सोय स्वतःच करून ठेवणे, हा शास्त्रज्ञांचा मोठा विलक्षण शिरस्ता आहे. खानोलकरांच्या नावावर असे शंभराहून अधिक शोधनिबंध आणि कर्करोग व कुष्ठरोग यांवरील तीन ग्रंथ आहेत.

त्यांपैकी १९४५ साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’ या अमेरिकन नियतकालिकात आलेला एक निबंध तर कथेसारखा वाचनीय आहे. तो त्यांनी आपल्या सहकारी बी. सूर्याबाई यांच्यासह लिहिला. माणसांच्या चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध हा त्याचा विषय होता. या विषयाला जुना इतिहास आहे. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने, धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याला काजळी कारण असते, असे दाखवून दिले होते. काश्मीरात थंडीच्या दिवसांत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरून लोक ऊब घेतात. त्या जागच्या कातडीवर होणारा कर्करोगही खानोलकरांच्या आधी ठाऊक झालेला होता. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी हिंदुस्थानातील आणखी तीन प्रकार पुढे मांडले.

पहिला प्रकार धोतराचा. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळून नेसले, की तेथील कातडी घासली जाते. ती आधी काळवंडते, जाड होते, मग तिचा रंग उडतो आणि क्वचित एखाद्याच्या बाबतीत तेथे बरी न होणारी जखम होऊन तिचे कर्करोगात रूपांतर होते. दुसरा प्रकार आंध्रच्या किनाऱ्यावरचा. तेथे काही लोक, विशेषतः स्त्रिया, चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढीत. त्या धगीने व धुराने टाळूला कर्करोग होई. टाळूचा कर्करोग इतरत्र अगदी विरळा. म्हणून तो एकाच किनाऱ्यावर वारंवार दिसू लागला तेव्हा त्याचे कारण शोधणे भागच होते. तिसरा प्रकार बिहार व उत्तर प्रदेश या भागांतील. तंबाखू चुन्याबरोबर तळहातावर मळून तिची चिमूट खालच्या ओठाआड धरून ठेवण्याची तिकडे चाल आहे. चिमूट जेथे दाबून धरली जाते नेमका तेथेच रोग उद्भवतो.

धोतर नेसणे वाईट, असा या निबंधाचा अर्थ नव्हे. कोट्यवधी लोक ते नेसत आणि त्यांना काही होत नसे. निबंधाचे महत्त्व निराळे आहे. कर्करोग हा दैवाचा किंवा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग आहे, असे मानणाऱ्या समाजाला त्याने असे दाखवून दिले, की रोग शरीराच्या ज्या जागी होतो त्या जागेला आपल्या रोजच्या सवयीने काय भोगावे लागते, ते आधी पाहावे. ज्याचे कारण सापडते तो रोग टाळता येतो. लुगड्याखालच्या परकराची नाडी कमरेला करकचून बांधल्यामुळे स्त्रियांनाही असाच कर्करोग झाल्याची उदाहरणे पुढे अनेक वर्षांनी डॉक्टरांनी नोंदविली, तेव्हा त्यांना खानोलकरांच्या त्या जुन्या निबंधाकडेच वळावे लागले.

मुंबई हे अशा अभ्यासाचे जणू माहेरघरच होते. दख्खनी, गुजराती, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती अशा नाना समाजांचे लोक तेथे एकाच हवेत राहत आणि एकाच नळाचे पाणी पीत. पण त्यांचे खाणेपिणे, पोशाख आणि विवाहसंबंध मात्र निरनिराळे. मग त्यांच्या रोगांत जो फरक दिसतो तो सवयींमुळे की रक्तातून आलेल्या वारशामुळे? हा प्रश्न खानोलकरांना स्वस्थ बसू देईना. आपले सहकारी ल. ध. संघवी यांच्यासह त्यांनी आपापसांतच लग्ने करणाऱ्या मुंबईच्या सहा समाजगटांतील लोकांची सात आनुवंशिक लक्षणे तपासली आणि तो अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध केला.

आता त्यांच्या दुसऱ्या मोठ्या कार्याकडे वळावयाचे. तो विषय कुष्ठरोगाचा. या रोगाने माणसाचे जेवढे हाल केले त्याहून अधिक हाल माणसांनी या रोग्यांचे केले आहेत. बोटे झडलेल्या रोग्याला घराबाहेर काढीत, गावाबाहेर काढीत. त्याच्या सावलीचीही लोकांना भीती वाटे. महाराष्ट्रात या रोग्यांसाठी आयुष्य वेचणारी थोर माणसे निपजली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी त्यांच्यासाठी वसाहत उभारली. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी त्यांना स्वतःच्या श्रमांवर उभे केले. मुंबईत वडाळा येथे १८९० साली ॲक्वर्थ या महापालिका आयुक्तांनी कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान काढले होते. हेच ते ॲक्वर्थसाहेब, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाड्यांचा संग्रह केला. या सर्वांनी रोग्यांची शुश्रूषा केली. खानोलकरांची शुश्रूषा निराळ्या जातीची होती. शत्रू शरीरात कोणत्या वाटेने शिरतो, हे त्यांना शोधून काढावयाचे होते.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वे देशातील हॅन्सेन या डॉक्टराने १८७३ साली शोधून काढला होता. पण हा जंतू मोठा चिवट आणि लबाड आहे. इतर जंतू प्रयोगशाळेतील काचेच्या नळीत वाढविता येतात. हा वाढतच नाही. इतर जंतू अर्ध्या तासात, तासाभरात दुप्पट होतात. याला एकाचे दोन होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे जंतू शरीरात शिरल्यावर रोग उघड होण्यास कित्येक वर्षे लागतात. रोगी डॉक्टराकडे येतो तेव्हा चोर घरात शिरून फार दिवस झालेले असतात आणि पावले पुसली गेलेली असतात.

लोक या रोगाला कातडीचा रोग समजत. अंगावर चट्टा उठे, म्हणून तसे वाटणे साहजिक होते. परंतु त्या चट्ट्याचे एक वैशिष्ट्य होते. त्याला स्पर्श कळत नसे. आपले बोट तापलेल्या तव्याला लागले तर विचार करण्याआधीच हात मागे येतो. बोटाच्या टोकापासून पाठीच्या कण्यापर्यंत गेलेल्या मज्जातंतूंनी ती वार्ता क्षणार्धात पोहोचविलेली असते. कुष्ठरोग्याच्या बाबतीत ही वार्ताच पोहोचत नाही. तो चुलीतले लाकूड हाताने सारतो आणि हात भाजतो, तरी त्याला कळत नाही. पायात काटा मोडतो आणि जखम चिघळते, तरी तो चालतच राहतो. त्याची बोटे जंतू खात नाहीत. न कळलेल्या जखमाच ती खातात. वेदना ही माणसाची किती मोठी रखवालदार आहे, हे या रोग्यांकडे पाहून समजते.

मज्जातंतू बिघडतात हे वैद्यांना ठाऊक होते. प्रश्न होता तो क्रमाचा. आधी कातडी आणि मागाहून मज्जातंतू, की आधी मज्जातंतू आणि मागाहून कातडी? खानोलकरांनी जुन्या, बळावलेल्या रोगाकडे न पाहता अगदी आरंभीच्या, सहज डोळ्यांआड व्हावेत अशा चट्ट्यांकडे लक्ष वळविले. त्या चट्ट्यांतील कातडीचे बारीक तुकडे घेऊन त्यांचे असंख्य काप त्यांनी तपासले. कुष्ठजंतू विशिष्ट रंगाने तांबडे होतात. त्यामुळे निळसर पार्श्वभूमीवर ते बारीक तांबड्या काड्यांसारखे उठून दिसतात. परंतु एका कापात एखादाच जंतू असला तर तो हुडकणे म्हणजे गवताच्या गंजीत हरवलेली सुई शोधणे होय. काप ओळीने पाहत जावयाचे, एकही सोडावयाचा नाही. मुखाच्या कर्करोगाच्या वेळचीच ती शिस्त येथेही कामास आली.

आणि त्यांना दिसले ते असे, की कातडीत अन्यत्र फारसे काही घडलेले नसतानाही सूक्ष्म मज्जातंतूंच्या शाखांत जंतू येऊन बसलेले आहेत. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की कुष्ठरोग हा मुळात मज्जातंतूंचा रोग आहे; कातडीवर चट्टा दिसतो तो त्यानंतर. कातडीच्या वरच्या थरात मज्जातंतूंची उघडी टोके असतात, तेथून जंतू आत शिरतात आणि तंतूच्या आतूनच वर वर सरकत जातात, असे त्यांचे मत होते. हे संशोधन भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५१ साली एका विशेष अहवालाच्या रूपाने प्रसिद्ध केले. जगभरच्या कुष्ठरोगतज्ज्ञांनी त्याची दखल घेतली.

या मतातील काही भाग पुढे टिकला आणि काही टिकला नाही. मज्जातंतू हा विजेच्या तारेसारखा असतो. मध्ये वार्ता वाहणारा धागा आणि त्याभोवती त्याला सांभाळणाऱ्या पेशींचे वेष्टन. या पेशींना श्वान पेशी असे शास्त्रज्ञाच्या नावावरून म्हणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हे कितीतरी अधिक शक्तिमान यंत्र हाती आल्यावर मुंबईतीलच डॉ. दाराब दस्तूर यांच्यासारख्या मज्जाविकृतितज्ज्ञांनी कुष्ठरोग्यांचे मज्जातंतू पुन्हा तपासले. तेव्हा असे आढळले, की जंतूंचे मुख्य ठाणे मधल्या धाग्यात नसून भोवतालच्या श्वान पेशींत असते. म्हणजे वाट थोडी निराळी निघाली. परंतु मज्जातंतूंकडे आधी पाहा, हे खानोलकरांचे सांगणे मात्र पक्के ठरले. आज कुष्ठरोगाच्या तपासणीत डॉक्टर चट्ट्याला स्पर्श कळतो की नाही ते पाहतात आणि कोपराजवळचा मज्जातंतू जाड झाला आहे का, हे बोटांनी चाचपून पाहतात. या रोगावर आता खात्रीचे औषध आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची जी पद्धत सुचविली, तिने रोगी पूर्णपणे बरा होतो. मात्र मज्जातंतू निकामी होण्यापूर्वीच औषध सुरू झाले पाहिजे. गेलेली संवेदना औषधाने परत येईलच असे नाही. रोगाचा आरंभ कोठे होतो हे शोधण्यासाठी खानोलकरांनी जी धडपड केली तिचे मोल येथे कळते.

संशोधक एकटा कितीसे करणार? १९५२ साली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शिष्यांत पुण्याच्या समर्थ घराण्यातील कमल रणदिवे यांचे नाव आधी घेतले पाहिजे. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. मग त्या अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या आणि जिवंत पेशी शरीराबाहेर, काचेच्या पात्रात वाढविण्याची विद्या शिकून आल्या. त्या विद्येची भारतातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी या केंद्रात उभारली. कुष्ठरोग्यांच्या शरीरातून मिळविलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढविण्यात यश आल्याचे १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी एका निबंधाने जाहीर केले. तो जंतू खुद्द कुष्ठजंतू नव्हे, त्याचा भाऊबंद होय, असे पुढे ठरले. तरीही त्यापासून कुष्ठरोगाची लस करण्याचे प्रयत्न याच केंद्रात पुष्कळ वर्षे चालले. शास्त्रात भाऊबंदही कधी कधी उपयोगी पडतात! भारतातील स्त्री-शास्त्रज्ञांना एकत्र आणणारी संघटना १९७३ साली स्थापन करण्यात रणदिवे पुढे होत्या. तिचे कार्यालय ठाणे जिल्ह्यातील वाशी येथे आहे.

मानसन्मानांची यादी मोठी आहे. तिचा विस्तार करण्याचे कारण नाही. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अणुस्फोटांतून निघणाऱ्या किरणांचा माणसांवर काय परिणाम होतो, हे तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने १९५५ साली पंधरा राष्ट्रांची एक समिती नेमली; तीत भारताच्या वतीने खानोलकर बसत. १९६० नंतरची काही वर्षे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. एवढी पदे भूषविणाऱ्या माणसाला काचपट्टीकडे पाहण्यास वेळ कसा मिळत असेल, असे कोणालाही वाटेल. पण त्यांचे निबंध प्रसिद्ध होतच राहिले.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, डॉ. खानोलकरांचे निधन झाले. भारतातील विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात त्यांच्या नावाचे व्याख्यान दिले जाते आणि ते देण्यास बोलावणे येणे हा त्या क्षेत्रातील मोठा मान समजला जातो. त्यांचे संशोधन केंद्र १९६६ साली टाटा स्मारक रुग्णालयाशी जोडले गेले. परळची जागा अपुरी पडू लागल्यावर संशोधनाचा हा संसार २००२ च्या सुमारास ठाण्याच्या खाडीपलीकडे, नव्या मुंबईतील खारघर येथे, डोंगराच्या पायथ्याशी हलविण्यात आला. तेथील एका इमारतीत तरुण संशोधक आज कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास करतात. त्या इमारतीचे नाव खानोलकर शोधिका असे आहे.